हिरव्या पिशवीची शाई

सकाळी ८.०० वसई पूर्वेचा गाळा. शटर वर जाताच शाईचा उग्र वास अंगावर येतो. मशीनवर मामा. खरं नाव इथे कुणी घेत नाही. फ्लेक्सो छपाईच्या मशीनवर उभं आयुष्य गेलंय, पगार अठ्ठावीस हजार. हेल्पर पोराला बारा तासांचे साडेसातशे. आजची फिल्म नेहमीची एलडी, म्हणजे साधं पॉलिथिन, नाही. कंपोस्ट होणारी, पीबॅट आणि पीएलएच्या मिश्रणाची. भाव एलडीच्या दुपटीहून जास्त. रोल अजून पिशवीत बंद. ओल लागली की ही फिल्म कमकुवत होत जाते, म्हणून मामा एका वेळी एकच रोल फोडतात.

८.४० डाइन पेनाने फिल्मवर रेघ. रेघ सलग राहते, थेंब धरत नाही. म्हणजे शाई बसेल. एलडीला कोरोना, म्हणजे विजेचा मारा, द्यावाच लागतो, हिला थोडक्यात भागतं. ‘‘जास्त मारला तर सील धरत नाही, भाजी रस्त्यावर,’’ मामा म्हणतात.

९.१५ तीन डबे समोर. पहिला नेहमीचा पॉलिअमाइड, किलोला २८०. चकाकतो, चिकटतो, पण कंपोस्टचा कागद नाही. दुसरा पाण्यावरचा. वास नाही, पण सुकायला गरम हवा हवी, आणि पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. तिसरा अल्कोहोलमधला, नायट्रोसेल्युलोजचा, प्रमाणपत्रासह. किलोला ५२०. शेठ भाव ऐकून गप्प होतात. डबा मात्र तोच फुटतो.

१०.०० शाई पातळ करणं. बी-फोर कप भरायचा, खालच्या भोकावरचं बोट काढायचं, स्टॉपवॉच दाबायचं. सव्वीस सेकंद. जाड आहे. पोरगं अल्कोहोल ओततं, मामा काडीने ढवळतात. इथाइल ॲसिटेट टाकलं तर लवकर सुकेल, पण जास्त झालं तर रबरासारखी प्लेट फुगते, अक्षरं जाड होतात. पुन्हा कप. एकवीस. चालेल.

१०.४५ ट्रायल. ड्रायर ४५ अंशांवर, ताण निम्मा. तरी फिल्म लांबते आणि हिरवं पान पांढऱ्या पायाच्या बाहेर सरकतं. मामा ब्रेक सैल करतात, पुन्हा चालवतात. मग तुकडा कापतात, सेलोटेप चिकटवून अंगठ्याने घासतात, झटक्यात ओढतात. टेपवर काठाशी हिरवा पट्टा येतो. ड्रायरचा पंखा वाढवला, वेग कमी केला. चौथ्या तुकड्याला टेप कोरी.

१.०० वडापाव, चहा. मशीन थांबलेलं, शेठ घड्याळाकडे बघतात.

१.३० सेंद्रिय भाजीवाल्या गिऱ्हाइकाला पिशवीभर हिरवा रंग हवा, खाली पांढरा पाया. मामा पाठकोऱ्या कागदावर मांडतात. ३० मायक्रॉनची फिल्म, चौरस मीटरला साधारण ३७ ग्रॅम. पांढरी सुकी शाई दीड ग्रॅम, हिरवी सव्वा. मिळून सात टक्के. शाईच्या प्रमाणपत्रावर मर्यादा ५ टक्क्यांची. शिवाय या हिरव्या रंगद्रव्यात तांबं असतं, आणि कंपोस्टच्या मानकात तांब्यालाही हद्द आहे. चांगली छपाई म्हणजे भरपूर शाई, हे एलडीवरचं गणित इथे उलटं फिरतं, आणि ते माणसाला हाताने शिकावं लागतं. ‘‘शेठ, पांढरा काढू. फिल्म तशीही दुधाळच आहे.’’ शेठ गिऱ्हाइकाला पांढऱ्याविना तुकड्याचा फोटो मोबाइलवर पाठवतात.

२.१० गिऱ्हाईक म्हणतं, रंग फिका दिसतोय. शेठ वजनाचा हिशेब सांगतात. फोन लांबतो. शेवटी होकार.

२.३० पांढरं स्टेशन उचललं. मशीन मिनिटाला साठ मीटरने धावतं. एलडीवर दीडशे धावलं असतं. दर वीस मिनिटांनी कप, कारण अल्कोहोल उडतं आणि शाई घट्ट होते. प्रत्येक पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द आणि आयएस/आयएसओ १७०८८ स्पष्ट वाचता यायला हवं. बारीक आकड्यांवर मामा भिंग धरतात.

७.३० रोल पुन्हा पिशवीत, तोंड टेपने बंद. पोरगं शाईचा ॲनिलॉक्स रोलर धुतं. त्याचे हात मनगटापर्यंत हिरवे, हातमोजे संपलेत. गल्ल्याशी शेठ बिल लिहितात. पांढऱ्या प्लेटचे दोन हजार गिऱ्हाइकाला लावायचे की आपण सोसायचे, हे मामांना विचारतात. मामा म्हणतात, ‘‘अर्धे-अर्धे करा. आणि पोरासाठी हातमोजे आणा.’’