चालत्या काट्याची नक्कल

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास चढलं होतं. धोक्याची पातळी तिथे ४५ फुटांची. गणपती पेठेतल्या एका हळद व्यापाऱ्याचा संगणक त्या पाण्यात गेला. त्यांना त्याची फारशी काळजी नव्हती, कारण हिशेबाची प्रत मिरजेत मेहुण्याच्या कपाटात कोरडी ठणठणीत होती. पाणी ओसरल्यावर ती नव्या संगणकावर चढवली, तर उघडेचना. कुणाकुणाच्या हातापाया पडून उघडली, तेव्हा काही बिलं होती पण खात्यात त्यांची नोंद नव्हती. काही खात्यांत रक्कम जमा होती आणि बिलाचा पत्ता नव्हता. "पुरानं माझं काय नेलं नाही," ते मला म्हणाले, "नेलं ते कोरड्या डिस्कनं."

झालं होतं ते असं. दुकानातला पोरगा रोज संध्याकाळी हिशेबाचा फोल्डर डिस्कवर ओढून घ्यायचा, तेही सॉफ्टवेअर चालू असताना. पहिली फाइल सातला उतरायची आणि शेवटची सव्वासातला, आणि मधल्या वेळात नोंदी काही थांबायच्या नाहीत. अशी प्रत ना सातची असते ना सव्वासातची. ती कुठल्याच क्षणाची नसते.

या कोरड्या डिस्कनं माझा पिच्छा सोडला नाही. चालत्या डेटाबेसची नक्कल काढणं हेच ज्यांचं रोजचं काम, अशी माणसं शोधत मी साताऱ्याला पोचलो. गोडोलीत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर एक छोटी कंपनी आहे. सांगली-सातारा पट्ट्यातल्या साखर कारखान्यांची आणि काही पतसंस्थांची सॉफ्टवेअर ती सांभाळते. सर्व्हर दाखवा म्हटलं तर दाखवायला काही नाही. ॲमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत आपली केंद्रं सुरू केली, तिथे भाड्यानं घेतलेल्या यंत्रांवर आणि भाड्याच्या डिस्कांवर इथल्या उसाच्या टनांचा सगळा हिशेब राहतो.

रात्रपाळीला असते ती विट्याकडची एक मुलगी. तिनं मला लगेच काही दाखवलंच नाही. म्हणाली, "आधी काटा बघून या. नाहीतर मी काय थांबवते ते कळणार नाही तुम्हाला."

म्हणून वाळवा तालुक्यातल्या एका कारखान्यावर गेलो. गळीत हंगाम भरात होता. मळीचा आंबूस-गोड वास पेठ नाक्यापासूनच गाडीत शिरला आणि नंतर दोन धुण्यांत शर्टातून गेला नाही. यार्डात ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या आणि बैलगाड्या यांची रांग. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं, ऊस गव्हाणीत पडतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते आणि फरक निघतो तो उसाचा. सांगायला एवढंच. पण त्या एका पावतीमागे शेतकऱ्याचं खातं हलतं, तोडणी टोळीचं हलतं, वाहतूकदाराचं हलतं, उचल घेतली असेल तर तीही वळती होते. शिवाय ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, असं तो सांगतो. त्यात या भागात काटा मारल्याचा आरोप नाही असा हंगाम जात नाही. अशा ठिकाणी एक पावती एका तक्त्यात आहे आणि दुसऱ्यात नाही, हे कुणाला समजावून सांगणार? तांत्रिक अडचण म्हणून कोण ऐकून घेईल? मोर्चा येईल.

काटा रात्रंदिवस चालतो. हंगामात डेटाबेस बंद ठेवायला रिकामी अशी वेळच नसते.

रात्री साताऱ्यात परतलो. अजिंक्यताऱ्याकडून गार वारा सुटला होता. ती मुलगी स्वेटरची बाही बोटांपर्यंत ओढून टाइप करत होती. पहाटे तीन दहाला तिची स्क्रिप्ट सुटते. तिनं बोटांवर मोजून पायऱ्या दाखवल्या. डेटाबेसला लिहायचं थांबव म्हणून सांगायचं. खालची फाइल सिस्टिम गोठवायची. डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची नक्कल, घ्यायला सांगायचं. सुरू झाला की फाइल सिस्टिम सोडायची आणि मग डेटाबेसचं कुलूप काढायचं. एरिक हॅमंड यांनी २००९ मध्ये याच क्रमाची एक छोटी स्क्रिप्ट जगासाठी खुली केली होती. इथली तिच्याच घराण्यातली.

"चार सेकंद," ती म्हणाली. "कारखान्याकडं मी एवढंच मागते."

चार सेकंदांत एवढ्या मोठ्या डिस्कची प्रत निघते, यावर माझा विश्वास बसेना. निघत नाहीच. स्नॅपशॉट सुरू झाला तो क्षण पक्का होतो आणि खरी उचलाउचल मागाहून चालते, अर्धा तास, कधी जास्त. तेवढ्यात डिस्कवर काही नवं लिहिलं गेलं तरी प्रतीत येतं ते त्या क्षणाचंच. पहिल्या खेपेला सगळं उचलावं लागतं, नंतर फक्त बदललेले तुकडे. त्यामुळे गप्प बसायचं ते सुरुवातीपुरतं.

पण मुळात गप्प बसवायचं कशाला? इथे तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. डेटाबेस सगळं लगेच डिस्कवर लिहीत नाही. बरंचसं मेमरीत धरून ठेवतो आणि सवडीनं उतरवतो. जुन्या पेढीवर व्यवहार आधी कीर्दीत चढायचा आणि नंतर खतावणीत जायचा, तसंच हे. मधेच दिवा गेला, तर सकाळी कीर्द वाचून खतावणी पुरी करता येते. डेटाबेसची कीर्द म्हणजे त्याचा लॉग. आयबीएममधले सी. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये ही शिस्त सविस्तर मांडली, आणि आजच्या कित्येक डेटाबेसांची पडल्यावर उठायची रीत तिच्याशी नातं सांगते. म्हणजे काहीही न थांबवता स्नॅपशॉट घेतला, तर ती प्रत प्लग उपटलेल्या यंत्रासारखी. चांगला डेटाबेस त्यातूनही उठतो.

शेजारच्या टेबलावरच्या तरुण सहकाऱ्याचं म्हणणं नेमकं हेच होतं. तक्ते इनोडीबीचे आहेत, म्हणजे कीर्द ठेवणारे, डिस्क एकच आहे, मग थांबवायचं कशाला? उठेल की आपोआप. त्याचं चुकत नव्हतं. उलट तिनंच कबूल केलं की कुलूप लावूनही इनोडीबीची सगळी पानं डिस्कवर उतरत नाहीत, उठताना लॉग वाचावा लागतोच. तरी ती हटली नाही. एका कारखान्याचे काही जुने तक्ते अजून मायआयसॅम पद्धतीचे आहेत, त्यांना कीर्दच नाही. दुसऱ्या ठिकाणी वेगासाठी लॉग एका डिस्कवर आणि तक्ते दुसऱ्या डिस्कवर ठेवलेत. दोन्हींचे स्नॅपशॉट दोन सेकंदांच्या अंतरानं निघाले तर कीर्द एका वेळची आणि खतावणी दुसऱ्या वेळची. २०१९ पासून ॲमेझॉनवर एका यंत्राच्या सगळ्या डिस्का एकाच क्षणी पकडता येतात, त्यानं हा घोर बराच कमी झाला. आणि तिसरं कारण तिच्या लेखी सगळ्यांत मोठं. कुलूप असताना बिनलॉग, म्हणजे झालेल्या बदलांची क्रमवार वही, कुठवर आला ती जागा टिपून घेता येते. पुढे काही बिघडलं तर ही प्रत उभी करायची आणि त्या जागेपासून पुढच्या नोंदी एकेक चढवत हव्या त्या मिनिटापर्यंत यायचं.

मला तिची बाजू पटली. तिच्या वडिलांचा ऊसही याच पट्ट्यातल्या एका काट्यावर जातो, हे मला नंतर कळलं. "आप्पांची पावतीपण त्यातच असती की," एवढंच म्हणाली.

तीन दहा झाले. चार सेकंदांत काम काही झालं नाही. पडद्यावरची ओळ कुलुपाची वाट बघत थांबली, आणि तिच्यामागे नव्या नोंदींची रांग वाढायला लागली. कुणीतरी ऐन त्या वेळी पंधरवड्याच्या ऊसबिलाचा भलामोठा रिपोर्ट लावला होता. डेटाबेसला विचारलेला चालू प्रश्न संपल्याशिवाय कुलूप लागत नाही, आणि कुलूप वाट बघतंय तोवर मागून येणाऱ्या नोंदींनाही वाट मिळत नाही. म्हणजे यार्डात ट्रॅक्टर काट्यावर उभा, कारकून बटण दाबतोय आणि पावती निघत नाही. ठरल्या वेळेत कुलूप लागलं नाही म्हणून स्क्रिप्टनं आपसूक माघार घेतली आणि रांग वाहती झाली. ही माघार तिनं स्वतः बसवलेली. गोठवलेली फाइल सिस्टिम सोडायच्या आत स्क्रिप्टच मेली तर अख्खा कारखाना ठप्प, म्हणून तिथेही एक वेगळा पहारेकरी ठेवलाय. तो ठरावीक सेकंदांनी काही न विचारता सगळं सोडून देतो.

तिनं फोन लावला. "रिपोर्ट कुणी लावलाय?"

"सायबास्नी सकाळी मीटिंगला पायजे होता वं, म्याडम."

"संपला की मला मिस कॉल द्या. तोवर दुसरा लावू नका."

मिस कॉल आला. स्क्रिप्ट पुन्हा सुटली. या वेळी मी पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत होतो. त्या चार सेकंदांत ती श्वास धरते. इतक्या रात्री करूनही.

थोड्या वेळानं हिरवी खूण उगवली. स्नॅपशॉट पूर्ण. मला वाटलं काम झालं, पण तिचं त्या खुणेशी काही बरं नव्हतं. खूण एवढंच सांगते की तुकडे पोचले. त्यांतून डेटाबेस उभा राहील का, हे खूण कशी सांगणार? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या नावाजलेल्या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसचा फोल्डर चुकून पुसला गेला. प्रत ठेवायच्या पाच पद्धती होत्या, आणि गरजेला त्यांतली एकही धड उपयोगी पडली नाही. आवृत्ती न जुळल्यामुळे डेटाबेसचा नेहमीचा बॅकअप निघतच नव्हता आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट होता, त्यावर ते तरले. ही हकिगत तिला तोंडपाठ होती. कंपनीनं सगळं जाहीरपणे लिहून ठेवलं, याचं तिला फार कौतुक.

म्हणून सकाळी तिचं दुसरं काम असतं, आणि माझ्या मते तेच खरं काम. रात्रीच्या स्नॅपशॉटमधून नवी डिस्क बनवायची, एका लहान यंत्राला जोडायची आणि त्यावर डेटाबेस सुरू करायचा. पहिला रिपोर्ट रडतखडत चालतो, कारण तुकडे मागणी होईल तसतसे साठ्यातून येत असतात. तो चालेपर्यंत तिनं चहा मागवला. मग काट्यावर फोन. सकाळपाळीला वयस्कर कारकून होते, हातात रात्रीच्या पावत्यांचा गठ्ठा.

"काका, तीन वीसच्या आसपासच्या पावत्या वाचा."

त्यांनी वाचल्या. नंबरांचे शेवटचे तीन आकडे ४११, ४१२, ४१३. तिच्या प्रतीत शेवटची पावती ४१२.

माझ्या पोटात गोळा आला. ती मात्र खूश झाली. तिनं ४१२ चा माग काढला. शेतकऱ्याच्या खात्यात होती, टोळीच्या होती, वाहतुकीच्या होती, सगळीकडे सारख्या वजनानं. मग ४१३ शोधली. ती कुठेच नव्हती. एकाही तक्त्यात तिचं शेपूट अडकलेलं नव्हतं.

"४१३ जरा अडकली हुती काय रात्री?"

"व्हय, रातच्या पोरानं मागं लिवलंय. बटन दाबलं आन घडीभर कायच हुईना म्हणं."

चार सेकंद. ४१३ दाराशी थांबली होती. ती आपली कुलूप निघाल्यावर आत गेली, आणि बिनलॉगमध्ये पहिल्याच ओळीत सापडली. जी आली ती पुरती आली, जी आली नाही तिचा मागमूस नाही. गणपती पेठेतल्या त्या व्यापाऱ्यांना नेमकं हेच मिळालं नव्हतं.

बाकीच्या गोष्टी ती भराभर उरकते. एक प्रत हैदराबादला जाते, तिथली ॲमेझॉनची केंद्रं २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तीही वेगळ्या खात्यात, वेगळ्या किल्लीखाली. २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या ॲमेझॉन खात्यात एक चोर शिरला आणि डिस्का व स्नॅपशॉट दोन्ही पुसून गेला, कारण सगळं एकाच खात्यात होतं. कंपनी बंद पडली. जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या यावर तिचे आणि तिच्या कंपनीच्या मालकांचे खटके उडतात, कारण साठ्याचं बिल डॉलरच्या भावानं चढतं. मालक वाईट नाहीत. त्यांना दर महिन्याला कारखान्यांच्या अकाउंट ऑफिसात जाऊन बसावं लागतं, तिला नाही.

मी निघताना पुढच्या हंगामाच्या कोटेशनवर चर्चा चालली होती. एका कारखान्यानं कळवलं होतं की बॅकअप ठीक आहे, पण 'रोजची पुनर्स्थापना चाचणी' ही ओळ काढून टाका, बॅकअप झाल्याचा मेसेज येतोच, मग वेगळे पैसे कशाचे? मालकांनी कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं ती ओळ खोडली नाही. रकमेच्या रकान्यात शून्य टाकलं आणि कागद सहीला परत दिला.