अडत्याला अधिकार मिळतो कुठून?
नामपूरच्या बाजार समितीत कांद्याची ट्रॉली लावून शेतकरी अडत्याला म्हणाला, “शेठ, चांगला भाव बघून विका,” की तेवढ्यावर अडत्या त्याचा एजंट झाला. १८७२च्या भारतीय करार कायद्याला त्यासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही. अधिकार तोंडी देता येतो, वर्षानुवर्षांच्या वागण्यातूनही सिद्ध होतो (कलम १८६, १८७). मोबदला ठरलेला नसला तरी चालतो. न विचारता केलेला सौदा शेतकऱ्याने सगळं समजून मान्य केला, तर तो पहिल्यापासूनच अधिकृत धरतात. २०१६पासून कांद्याची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, खरेदीदाराकडून घेतात. तरी पैसे कुणीही देवो, अडत्याचा मालक शेतकरीच. त्याने मागितला की चोख हिशेब देणं अडत्यावर बंधनकारक आहे (कलम २१३).