स्लेटचे छप्पर आणि कौलारू छप्पर : ओळखावे कसे?

कौलारू घर आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. स्लेटचे छप्पर मात्र महाराष्ट्रात क्वचितच आढळते. आपल्याकडील काळा दगड म्हणजे लाव्हारसापासून बनलेला बेसाल्ट. त्याचे पातळ पापुद्रे निघत नाहीत, म्हणून येथे मातीची कौले रूढ झाली. हिमाचल प्रदेशात धरमशाळेजवळ खनियारा येथे स्लेटच्या खाणी आहेत, म्हणून कांगडा खोऱ्यातील जुनी घरे स्लेटने शाकारलेली दिसतात. शाळेची जुनी दगडी पाटी याच दगडाची असे.

केवळ रंगावरून ओळखू गेल्यास फसगत होते. शेवाळाने लाल कौल काळे पडते आणि स्लेट राखाडीप्रमाणे जांभळट वा हिरवटही असते. म्हणून पुढील तीन खुणा पाहाव्यात.

१) कड : स्लेटच्या तुटलेल्या कडेवर वहीच्या पानांसारखे थर दिसतात. कौल भाजलेल्या मातीचे असल्याने तुटलेला भाग विटेसारखा दिसतो.

२) आकार : स्लेट सपाट असते व तिच्या कडा तासलेल्या असतात. नळीचे कौल अर्धगोल असते. मंगळुरी कौल साच्यातले, खाचा असलेले. असा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे काढला.

३) बसवणूक : मंगळुरी कौल रिपेवर अडकवतात व ते शेजारच्या कौलाच्या खाचेत बसते. स्लेट खिळ्यांनी ठोकतात आणि एकीवर दुसरी चढवून दुहेरी थर करतात.

टिचकी मारून ओळख पटत नाही. चांगली स्लेट व चांगले कौल दोन्ही खणखणतात. बद्द आवाज आला तर तडा गेला आहे एवढेच समजावे.

ही ओळख कशासाठी? मुख्यतः वजनासाठी. ८ मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर स्लेटचे वजन सुमारे २२ किलो भरते. दुहेरी थरामुळे छपरावरचा भार ४४ किलोंच्या पुढे जातो आणि स्लेट जाड असल्यास आणखी वाढतो. ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपात सुमारे २० हजार माणसे दगावली. कच्च्या विटांच्या भिंती आणि त्यांवरील स्लेटची जड छपरे कोसळली होती. म्हणून छप्पर बदलताना आधी वासे व भिंती जाणकाराकडून तपासून घ्याव्यात आणि मगच साहित्य निवडावे.