दिवा नवा, तरी उजेड कमी का?



ऊस विकास खात्याने गाडीच्या दिव्यांवर लेख लिहावा, हे काहींना नवल वाटेल. पण बेण्याचे काम आमच्याकडे आहे आणि बेणे बहुधा रात्रीच प्रवास करते. पाडेगावहून किंवा मांजरीहून मोळ्या भरायच्या, रात्रभर पिकअप चालवून पाथरी गाठायची आणि तोडल्यापासून २४ तासांच्या आत लागण उरकायची, ही आपल्याकडची रीत आहे. उगवण चांगली हवी असेल तर ती सोडताही येत नाही.

त्यात हंगाम सुरू असला म्हणजे कल्याण-निर्मल रस्त्यावर पुढे काय उभे असेल याचा नेम नाही. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, पंक्चर होऊन कडेला लावलेला ट्रक, टोळीच्या टायरगाड्या. टायरगाडीला मागे दिवा नसतोच. बैल चालत असतात आणि मोळीवर घरातली पोरे झोपलेली असतात. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. समोरचे दिसून ब्रेकवर पाय पडून गाडी थांबेपर्यंत ४० मीटर सहज लागतात, भरलेल्या गाडीला त्याहून जास्त. म्हणजे ४० मीटरवरची टायरगाडी ज्या दिव्यात दिसत नाही, त्या दिव्याने ५० चा वेग धरणे हा धोकाच आहे.

गटकार्यालयात गप्पा निघाल्या की एक तक्रार हमखास ऐकू येते, "साहेब, बल्ब नवा टाकला, तरी रस्ता पिवळाच दिसतो." बल्ब नवा असेलही. पण त्याच्यापर्यंत वीज पोचते किती, हे कोणी पाहत नाही.

ठिबकवाल्यांना हे लगेच कळेल. बारीक नळी लांबवर नेली तर शेवटचा ड्रिपर नुसता पाझरतो. तिथे ड्रिपर बदलून काय होणार? गाडीतही तसेच आहे. पुष्कळ जुन्या पिकअपमध्ये दिव्याचा सगळा करंट बॅटरीतून निघून केबिनमधल्या स्विचवर, तिथून अप्पर-डिपरच्या दांडीत आणि मग परत पुढे दिव्याकडे जातो. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब अप्परवर मिळून साधारण १० अँपिअर घेतात. १ चौरस मि.मी.ची वायर ६ मीटर फिरली तर नुसत्या वायरीतच एक व्होल्ट जातो. काळे पडलेले स्विचचे पॉइंट आणि गंजलेला अर्थ आणखी खातात, ते वेगळेच.

एका व्होल्टाने काय होते? पुष्कळ होते. हॅलोजन बल्बचा व्होल्टेज १० टक्के उतरला तर उजेड साधारण ३० टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू असता बॅटरीवर १४ व्होल्ट आणि बल्बवर १२ असतील, तर जवळजवळ ४० टक्के उजेड वाटेतच गेला.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून दिवे लावावेत. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी, बल्ब जोडलेलाच ठेवून, होल्डरच्या प्लस टोकावर लावावी. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाया जात आहेत. अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला तर काम काढावे. तसेच बॅटरीचा मायनस आणि होल्डरचा अर्थ यांच्यामध्येही पाहावे. कित्येकदा दुखणे अर्थमध्येच निघते आणि एक लग घासून, बोल्ट आवळून भागते.

नाही भागले तर रिले. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर आठवा. हिरव्या बटणातून मोटरचा करंट जात नाही. बटण फक्त कॉइलला जागे करते, कॉइल पट्ट्या ओढते आणि करंट पट्ट्यांतून जातो. रिले म्हणजे तोच प्रकार, काडेपेटीपेक्षा लहान. अप्परला एक आणि डिपरला एक, असे दोन घ्यावेत. बॅटरीच्या प्लसवरून २० अँपिअरचा फ्यूज घेऊन २.५ चौरस मि.मी.ची तांब्याची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून तशीच वायर दोन्ही बल्बांना, होल्डरची जुनी वायर ८६ ला आणि ८५ अर्थला. अर्थची वायरही तेवढीच जाड हवी. जुन्या स्विचवर मग कॉइलचा नाममात्र भार राहतो, त्यामुळे स्विचही टिकतो.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ घ्यायचा, यावर वायरमनशी तडजोड करू नका. वायर पत्र्याला घासून उघडी पडली आणि वाटेत फ्यूज नसला तर ती लाल होते. आपल्या गाड्यांत कोपऱ्या-कोपऱ्यांत वाळले पाचट भरलेले असते, पुढचे सांगायला नको. काही गाड्यांत होल्डरला प्लस कायम असतो आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथे ही जोडणी चालत नाही, म्हणून आधी मीटरने खात्री करावी. ट्रकला २४ व्होल्टचा रिले लागतो. दिव्यांचे काम इलेक्ट्रॉनिक पेटीतून चालते अशा नव्या गाडीची वायर मात्र कापू नये, सर्व्हिस सेंटरलाच विचारावे.

शंभर वॅटचा बल्ब हा पुष्कळांचा आवडता उपाय. तो नियमात बसत नाही, होल्डर वितळवतो आणि त्याच बारीक वायरीतून आणखी व्होल्टेज खातो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बसवलेला स्वस्त एलईडी समोरच्याचे डोळे दिपवतो. समोरचाही आपलाच सभासद असतो, एवढे ध्यानात असू द्या.

आणखी एक. मोळ्या भरल्या की गाडीची शेपटी बसते, तोंड वर होते आणि उजेड रस्त्याऐवजी झाडांवर जातो. झोत उतरवायची चकती असेल तर भरल्यावर तो खाली घ्यावा. नसेल तर माल भरलेल्या स्थितीत भिंतीवर झोत पाहून स्क्रूने बेताने लावून घ्यावा. ट्रॉल्यांना आणि टायरगाड्यांना लावलेल्या रेडियमला स्वतःचा उजेड नसतो, मागून दिवा पडला तरच ते चमकते. त्यावरची धूळ-चिखल अड्ड्यात थांबल्यावर फडक्याने पुसून घेतली तर मागच्याला ते लांबून दिसते.

दोन्ही रिले एकाच मापाचे घ्यावेत आणि हाताला येतील असे बसवावेत. रात्री वाटेत डिपरचा बंद पडला तर अप्परचा काढून तिथे लावता येतो, आणि गाडी घरापर्यंत येते.

— ऊस विकास अधिकारी