हेसचा राजपुत्र अलेक्झांडर आणि बॅटनबर्ग घराणे

युरोपीय राजघराण्यांच्या इतिहासात सिंहासनस्थ राजांपेक्षा धाकट्या पातीच्या राजपुत्रांचे वंश कित्येकदा अधिक उद्बोधक ठरतात. जर्मनीतील हेस-डार्मश्टाट या लहानशा राज्याचा राजपुत्र अलेक्झांडर (१८२३–१८८८) याचा वंश हे त्याचे ठळक उदाहरण होय. हिंदुस्थानचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन हे या अलेक्झांडरचे नातू. ते आपल्या आजोबांच्या कुलनामाने का ओळखले जात नव्हते, या प्रश्नाचे उत्तर १८५१ मधील एका विवाहात सापडते.

अलेक्झांडरची बहीण मारी हिचा विवाह १८४१ मध्ये रशियाच्या युवराजाशी झाला. हा युवराज पुढे झार दुसरा अलेक्झांडर म्हणून प्रसिद्धीस आला. बहिणीमागोमाग अलेक्झांडरही रशियन सैन्यात दाखल झाला आणि कॉकेशसच्या मोहिमेत त्याने नाव मिळविले. मारीच्या परिवारातील मानकरीण यूलिया हाउके हिच्याशी त्याचा स्नेह जडला. तिचा पिता पोलंडच्या सैन्यातील सेनापती होता. १८३० च्या वॉर्सा येथील उठावात झारशी एकनिष्ठ राहिल्यामुळे तो मारला गेला होता. तथापि, एकनिष्ठा हा काही कुलीनतेचा पुरावा नव्हे. झार पहिला निकोलस याचा विरोध पत्करून ऑक्टोबर १८५१ मध्ये उभयतांनी ब्रेस्लाउ येथे विवाह केला. अलेक्झांडरला रशियाची चाकरी सोडावी लागली. पुढे तो ऑस्ट्रियाच्या सैन्यात गेला.

जर्मन राजकुलांच्या गृहनियमांनुसार राजपुत्राची पत्नी समान दर्जाच्या कुळातील असणे आवश्यक होते. तसे नसल्यास तो विवाह ‘मॉर्गनॅटिक’ समजला जाई. असा विवाह धर्मदृष्ट्या वैध व संतती औरस असे. परंतु पत्नीस पतीचे पद आणि मुलांस राज्याचा वारसा मिळत नसे. आपल्याकडील स्मृतिग्रंथांतील अनुलोम विवाहाशी याचे काही साम्य आहे. तेथेही विवाह ग्राह्य धरून हीनवर्णीय मातेच्या पुत्रांस दायभाग कमी दिला आहे. हेसमध्ये मात्र राज्यावरील हक्काच्या बाबतीत हा भाग कमी नव्हे, तर शून्यच होता. म्हणून अलेक्झांडरचा ज्येष्ठ बंधू ग्रँड ड्यूक तिसरा लुडविग याने यूलियेस एडर नदीकाठच्या बॅटनबर्ग या गावाच्या नावे प्रथम काउंटेस व १८५८ मध्ये प्रिन्सेस ही पदवी दिली. मुलांना मातेचीच पदवी प्राप्त झाली आणि अशा रीतीने बॅटनबर्ग घराणे जन्मास आले.

या दांपत्यास एक कन्या व चार पुत्र झाले. जन्मभूमीत वारसाहक्क नसल्यामुळे पुत्रांपैकी तिघांनी आपले भवितव्य परदेशांत शोधले. द्वितीय पुत्र अलेक्झांडर हा १८७९ मध्ये बल्गेरियाचा निर्वाचित प्रिन्स झाला. १८८५ मध्ये त्याने पूर्व रूमेलियाचे एकीकरण स्वीकारले व सर्बियाचा पराभव केला. परंतु झार तिसरा अलेक्झांडर या आपल्या सख्ख्या आतेभावाची मर्जी गमावल्याने १८८६ मध्ये त्यास राज्यत्याग करावा लागला. तृतीय पुत्र हेन्री याने १८८५ मध्ये व्हिक्टोरिया राणीची धाकटी कन्या बिॲट्रिस हिच्याशी विवाह केला. बर्लिनच्या दरबाराने या संबंधाबद्दल नाक मुरडले; परंतु इंग्लंडच्या कायद्यात समकुलीनतेची अटच नसल्याने राणीस ती अडचण वाटली नाही. येथेच या घराण्याच्या उत्कर्षाचे रहस्य आहे. एका राज्याचा गृहनियम दुसऱ्या राज्यात बंधनकारक नव्हता.

स्पेनमध्ये मात्र अशी अट होती. म्हणून हेन्रीची कन्या व्हिक्टोरिया युजीनी हिचा १९०६ मध्ये राजा तेरावा अल्फान्सो याच्याशी विवाह ठरला, तेव्हा सातव्या एडवर्डने तिचा दर्जा आधी वाढवून ‘रॉयल हायनेस’ केला. कुलीनता जन्मसिद्ध मानली जात असली, तरी ती राजाज्ञेने बहाल करता येत असे, हे यावरून स्पष्ट होते.

ज्येष्ठ पुत्र लुई चौदाव्या वर्षी ब्रिटिश आरमारात शिरला व १९१२ मध्ये ‘फर्स्ट सी लॉर्ड’ या सर्वोच्च पदास पोहोचला. पहिले महायुद्ध सुरू होताच जर्मन जन्मावरून त्याच्याविरुद्ध गहजब झाला आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये त्याने राजीनामा दिला. १९१७ मध्ये पाचव्या जॉर्जने आपल्या कुलास विंडसर हे नाव दिले, तेव्हा लुईनेही जर्मन पदवी सोडली. ‘बर्ग’ म्हणजे पर्वत. त्याचे इंग्रजी रूप करून ‘माउंटबॅटन’ हे नाव सिद्ध झाले. त्याचा धाकटा पुत्र १९४७ मध्ये दिल्लीस आला. कन्या लुईझ १९५० मध्ये स्वीडनची राणी झाली. दुसरी कन्या ॲलिस हिचा पुत्र फिलिप याने १९४७ मध्ये ग्रीक राजपदवी सोडून मातृकुलाचे हेच नाव घेतले व त्याच वर्षी एलिझाबेथ राजकन्येशी विवाह केला.

२०२२ मध्ये गादीवर आलेला तिसरा चार्ल्स हा अलेक्झांडर व यूलिया यांचा खापरपणतू होय. १९७५ ते २०१४ पर्यंत स्पेनचा राजा असलेला हुआन कार्लोस हाही नात्याने तोच. याउलट, ज्या हेस-डार्मश्टाट कुळाची शुद्धता राखण्यासाठी या शाखेस दूर ठेवले, त्याचे राज्य १९१८ मध्ये लयास गेले आणि १९६८ मध्ये राजपुत्र लुडविग निपुत्रिक निवर्तल्याने त्याची मान्य पुरुषशाखाही खुंटली. गृहनियमाने वर्ज्य ठरविलेली बॅटनबर्गची पाती मात्र मिलफर्ड हेवनच्या सरदार घराण्याच्या रूपाने पुरुषपरंपरेनेही टिकून राहिली.