बँडविड्थ मोजणाऱ्या साधनाची सेटिंग्ज फाइल : स्वरूप, कार्य आणि महाविद्यालयीन उपयोग

प्रस्तावना :

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने भारतातील सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. या संस्थेचे कार्यालय मुंबईच्या फोर्ट भागातील विदेश संचार भवनात होते. तेथून थोड्याच अंतरावर गिरगावात, ठाकुरद्वारच्या परिसरात, श्री व्यंकटेश देवस्थानामुळे परिचित असलेली फणसवाडी आहे. जुन्या चाळी, अरुंद गल्ल्या व दाट लोकवस्ती हे अशा वाड्यांचे वैशिष्ट्य होय. मुंबईतील अशा वस्त्यांत इंटरनेट प्रथम दूरध्वनीच्या तारेवरून आणि पुढे केबलचालकांच्या एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेलेल्या तारांतून पोहोचले. एकच वाहिनी अनेक बिऱ्हाडांत वाटली जात असल्याने "आपल्याला नेमका किती वेग मिळतो?" हा प्रश्न येथे प्रारंभापासूनच उपस्थित झाला.

महाविद्यालयांपुढेही आज हाच प्रश्न आहे. ऑनलाइन प्रवेश, परीक्षेचे अर्ज, ई-नियतकालिके आणि दूरस्थ व्याख्याने यांसाठी महाविद्यालये सेवादात्याशी करार करतात व त्यापोटी दरवर्षी रक्कम मोजतात. मात्र करारातील वेग प्रत्यक्षात मिळतो किंवा नाही, याची पडताळणी बहुधा एखाद्या संकेतस्थळावरील काट्याकडे पाहूनच केली जाते. त्या आकड्यामागील अटी ठाऊक नसल्यामुळे तो आकडा वादात टिकत नाही. या अटी लिखित स्वरूपात निश्चित करण्याचे साधन म्हणजे मापन-साधनाची सेटिंग्ज फाइल होय. प्रस्तुत लेखात तिचे स्वरूप, कार्य व उपयोग यांचे विवेचन केले आहे.

बँडविड्थ व तिचे मापन :

एका सेकंदात वाहिनीतून जाऊ शकणाऱ्या बिटांची संख्या म्हणजे बँडविड्थ. करारात ती मेगाबिटमध्ये सांगितली जाते, तर संगणकाच्या पडद्यावर फाइल उतरवताना दिसणारा वेग बहुधा मेगाबाइटमध्ये असतो. एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणून १०० मेगाबिटची जोडणी पूर्ण क्षमतेने चालली तरी सेकंदाला १२.५ मेगाबाइटच उतरतात. अनेक तक्रारींचे मूळ केवळ या एककभेदात असते.

दुसरा भेद वाहिनीची क्षमता व उपयुक्त वहन यांतील आहे. प्रत्येक पाकिटाबरोबर पत्त्याची व नियंत्रणाची माहिती जात असते. त्यामुळे १०० मेगाबिटच्या इथरनेट जोडणीवर टीसीपी पद्धतीने मोजल्यास सुमारे ९४ मेगाबिट एवढेच मूल्य मिळू शकते. येथे उणे पडलेले सहा मेगाबिट ही सेवादात्याची त्रुटी मानता येत नाही.

मापनाचे तत्त्व साधे आहे. चाळीतील सामायिक नळाची धार मोजायची असेल तर नळ पूर्ण सोडून बादली भरण्यास लागणारा वेळ पाहावा लागतो. बँडविड्थ मोजणारे साधनही दोन संगणकांमध्ये ठरावीक काळ शक्य तितकी माहिती वाहू देते व प्रत्यक्ष किती पोहोचली ते नोंदवते. या उपमेतूनच मापनाची अडचणही लक्षात येते : पाणी येण्याच्या वेळी प्रत्येक बिऱ्हाडाने धार मोजण्यासाठी नळ पूर्ण सोडला, तर मोजमाप कोणाचेच खरे ठरणार नाही आणि स्वयंपाकालाही पाणी उरणार नाही. म्हणजेच कोणी, केव्हा, किती वेळ व किती प्रमाणात मोजावे, याचा नियम असणे आवश्यक ठरते.

सेटिंग्ज फाइलची आवश्यकता :

या क्षेत्रात सर्वाधिक परिचित साधन आयपर्फ हे होय. ते आज्ञेच्या ओळीवरून चालते. प्रत्येक वेळी चालवणाऱ्याने कालावधी, पद्धती व दिशा लिहायच्या असतात. आज एकाने दहा सेकंदांची एका प्रवाहाची चाचणी घेतली आणि उद्या दुसऱ्याने साठ सेकंदांची आठ प्रवाहांची घेतली, तर दोन आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. ही उणीव दूर करण्यासाठी अमेरिकेतील इंटरनेट-टू या शैक्षणिक जाळ्याने बीडब्ल्यूसीटीएल हे नियंत्रक साधन विकसित केले. प्रत्यक्ष मापन आयपर्फसारखे साधनच करी. ते कोणाला, केव्हा व किती करू द्यायचे, हे मात्र नियंत्रक आपल्या सेटिंग्ज फाइलवरून ठरवी. २०१७ मध्ये परफसोनार या मुक्त मापन-प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीत त्याची जागा पी-शेड्युलरने घेतली. साधन बदलले तरी फाइलमागील विचार तोच राहिला.

फाइलमधील प्रमुख घटक :

१) पोर्ट : दोन्ही संगणक परस्परांशी कोणत्या क्रमांकाच्या दारातून बोलतील, हे येथे ठरते. आयपर्फच्या तिसऱ्या आवृत्तीचा नेहमीचा क्रमांक ५२०१ आहे. फाइलमधील क्रमांक व महाविद्यालयाच्या फायरवॉलमध्ये उघडलेला क्रमांक एकच असावा लागतो. तो जुळला नाही तर चाचणी सुरूच होत नाही व दोष वाहिनीला दिला जातो.

२) कालावधी : टीसीपी आरंभी सावकाश माहिती पाठवते आणि पोच मिळत गेल्यावर वेग वाढवते. त्यामुळे दोन-तीन सेकंदांची चाचणी खऱ्या क्षमतेपेक्षा कमी आकडा दाखवते. दहा ते तीस सेकंदांचा कालावधी ठेवून आरंभीची काही सेकंदे गणनेतून वगळणे योग्य होय.

३) पद्धती : टीसीपी जाळ्यावरील गर्दी ओळखून स्वतःचा वेग कमी करते, यूडीपी तसे करीत नाही, सांगितलेल्या वेगाने पाठवतच राहते. पाकिटांची गळती मोजण्यास यूडीपी उपयुक्त आहे. तथापि मर्यादा न घालता ती चालवल्यास संपूर्ण महाविद्यालयाची जोडणी तुंबू शकते.

४) विंडो : पोच मिळण्यापूर्वी किती माहिती मार्गात राहू द्यायची, ते हा घटक ठरवतो. समजा विंडो ६४ किलोबाइट आहे. मुंबईतल्या मुंबईत जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद लागतात असे धरल्यास सेकंदाला सुमारे १३१ मेगाबिट वाहू शकतात. हेच अंतर युरोपपर्यंतचे असून १५० मिलिसेकंद लागतात असे धरले, तर त्याच विंडोत केवळ ३.५ मेगाबिट वाहतात. वाहिनी तीच, संगणक तोच. फरक फक्त अंतराचा व एका ओळीचा. १०० मेगाबिटच्या वाहिनीचा १५० मिलिसेकंदांच्या मार्गावर पूर्ण उपयोग करायचा असेल तर विंडो सुमारे १.९ मेगाबाइट असावी लागते.

५) समांतर प्रवाह : एकाऐवजी अनेक प्रवाह सोडल्यास सामायिक वाहिनीतील अधिक वाटा चाचणीकडे येतो व आकडा फुगतो. म्हणून प्रवाहांची संख्या फाइलमध्ये कायम ठेवावी आणि अहवालातही नमूद करावी.

६) घड्याळ : दोन ठिकाणच्या नियंत्रकांनी एकाच क्षणी चाचणी सुरू करायची असल्याने घड्याळे जुळलेली हवीत. बीडब्ल्यूसीटीएलमध्ये वेळेतील किती तफावत चालेल, तेही फाइलमध्ये लिहिण्याची सोय होती. भारतात याकरिता नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या अथवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या कालसेवकाशी घड्याळ जोडता येते.

मर्यादांची रचना :

फाइलचा सर्वांत महत्त्वाचा भाग मर्यादांचा असतो. बीडब्ल्यूसीटीएलमध्ये त्यासाठी दोन प्रकारची विधाने होती. 'लिमिट' या विधानाने एक वर्ग निर्माण करून त्याच्या मर्यादा सांगायच्या व 'असाइन' या विधानाने कोणता वापरकर्ता अथवा कोणते जाळे त्या वर्गात जाईल ते ठरवायचे. वर्गांची रचना कुटुंबासारखी असे. मुख्य वर्गाच्या मर्यादेपेक्षा उपवर्गाला अधिक मोकळीक मिळत नसे. उदाहरणार्थ, एखाद्या महाविद्यालयाने पुढील तीन वर्ग करावेत : संगणक विभागासाठी 'विभाग' हा वर्ग, साठ सेकंद व दोन्ही पद्धती; सहकारी महाविद्यालयांसाठी 'स्नेही' हा वर्ग, वीस सेकंद व केवळ टीसीपी; आणि ज्यांचा पत्ता कोणत्याही यादीत नाही अशांसाठी 'परके' हा वर्ग, सर्व चाचण्या बंद. प्रत्यक्ष फाइलमध्ये ही नावे रोमन अक्षरांत लिहावी लागतात.

यातील 'परके' हा वर्ग विसरला गेल्यास काय होते, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. बाहेरच्या कोणीही महाविद्यालयाच्या यंत्राला यूडीपी चाचणी सुरू करण्यास सांगावे आणि त्या पुराने ऐन परीक्षा-अर्जांच्या दिवशी जोडणी बंद पडावी, असा प्रसंग उद्भवू शकतो. म्हणून अनोळखी पत्त्याला नकार हीच मूळ भूमिका असावी व परवानगी हा अपवाद असावा.

पी-शेड्युलरची मर्यादा-फाइल जेसन या लेखनपद्धतीत असते. तिच्यात ओळख, वर्गीकरण, मर्यादा व उपयोजन असे भाग असतात : विचारणारा कोण, तो कोणत्या गटात मोडतो, कोणत्या अटी आहेत आणि कोणत्या गटाला कोणती अट लागू होते, या क्रमाने निर्णय होतो. एखादा स्वल्पविराम अधिक पडला अथवा कंस मिटायचा राहिला तर संपूर्ण फाइल अमान्य ठरते. त्यामुळे बदल करण्यापूर्वी जुन्या फाइलची प्रत ठेवणे आणि प्रणालीतील तपासणी-आज्ञेने नवी फाइल पडताळणे हा शिरस्ता असावा.

मुंबईतील उदाहरण :

अशा मापनाची गरज मुंबईतच स्पष्टपणे दिसते. कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगासाठी द्वितीय स्तराचे संगणन केंद्र आहे. प्रयोगातून निर्माण होणारी प्रचंड माहिती जगभरच्या केंद्रांत वाटली जाते. या जागतिक संगणन जाळ्याने आपल्या केंद्रांमधील मार्गांच्या मापनासाठी परफसोनार स्वीकारले. अनेक देशांतून जाणाऱ्या मार्गावर वेग घटला, तर दोष संस्थेच्या इमारतीत आहे, देशांतर्गत जाळ्यात आहे की समुद्राखालील केबलमध्ये, हे नियमित व समान अटींवरील नोंदींवाचून सांगता येत नाही. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्री केबली तुटल्या तेव्हा भारतातील इंटरनेट मंदावले होते. त्या काळात शहरांतर्गत व परदेशी अशा दोन स्वतंत्र मापनांवरूनच स्थानिक जोडणी निर्दोष असल्याचे दाखवता आले असते. फणसवाडीतील बिऱ्हाड असो वा महाविद्यालय, किमान दोन लक्ष्यस्थाने ठेवण्याचे महत्त्व यातून स्पष्ट होते : एक शहरातले, एक दूरचे.

महाविद्यालयीन उपयोग :

वेळापत्रक ठरवताना मापनाचा खर्चही हिशेबात घ्यावा. १०० मेगाबिटच्या जोडणीवर तीस सेकंदांची एक चाचणी सुमारे ३७५ मेगाबाइट माहिती वाहते. ती दर तासाला घेतल्यास दिवसाला ९ गिगाबाइट व महिन्याला सुमारे २७० गिगाबाइट खर्च होतात. दोन्ही दिशांना मोजल्यास हा खर्च दुप्पट होतो. मोजण्याकरिताच विद्यार्थ्यांचा वाटा वापरला जाऊ नये, यासाठी दिवसातून चार चाचण्या पुरेशा आहेत. त्यांपैकी एक पहाटेची व एक ऐन गर्दीच्या वेळची असावी. पहाटेचा आकडा वाहिनीची क्षमता सांगतो, तर दुपारचा आकडा वाटणीची स्थिती सांगतो. दोहोंतील अंतर मोठे असल्यास गर्दी महाविद्यालयाच्या आत आहे की बाहेर, हे अंतर्गत जाळ्यावर वेगळी चाचणी घेऊन पाहावे.

ज्या मानकाशी तुलना करायची तेही काळानुसार बदलले आहे. ब्रॉडबँडची किमान मर्यादा २००४ च्या धोरणात २५६ किलोबिट होती. ती २०१३ मध्ये ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००६ च्या गुणवत्ता-विनियमांत ग्राहकाला करारातील वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा, अशी कसोटी होती. २०२४ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. महाविद्यालयाने मात्र सर्वसाधारण मानकावर न विसंबता आपल्या करारातच मापनाचे साधन, लक्ष्यस्थान, कालावधी, प्रवाहसंख्या व वेळ नमूद करून घ्यावी आणि सेटिंग्ज फाइलची मुद्रित प्रत कराराला जोडावी. तसे केल्यास "तुमची चाचणीच चुकीची आहे" या उत्तराला जागा राहत नाही.

समारोप :

बँडविड्थचा आकडा स्वयंपूर्ण नसतो. तो ज्या अटींवर मिळाला त्या अटींसह वाचावा लागतो. सेटिंग्ज फाइल या अटींची नोंद ठेवते, परक्यांना रोखते आणि सामायिक वाहिनीतील इतरांचा वाटा सांभाळते. ती तयार करणे हे केवळ तंत्रज्ञाचे काम नव्हे. कोणाला किती मोजू द्यायचे व कोणत्या वेळी वाहिनी विद्यार्थ्यांसाठी मोकळी ठेवायची, हे निर्णय प्राध्यापक, ग्रंथपाल व कार्यालय यांनी एकत्र बसून घ्यावयाचे आहेत. हे निर्णय झाले की ते फाइलमध्ये लिहिण्यास काही ओळी पुरतात. निर्णय न घेताच भरलेली फाइल मात्र साधनासोबत आलेल्या नमुन्याचीच नक्कल ठरते.