रोथेन यांचा पडदा

पुण्याच्या मायलॅबच्या ‘कोव्हिसेल्फ’ किटला आयसीएमआरने मे 2021 मध्ये मान्यता दिली आणि 250 रुपयांत, 15 मिनिटांत, घरबसल्या करोना तपासता येऊ लागला. अशा पट्ट्यांवर उमटणारी तांबूस रेघ बहुतेकदा सोन्याची असते. सोन्याचे कण नॅनोमीटरच्या मापात बारीक केले की ते लाल दिसतात. विषाणूचं प्रथिन सापडलं की प्रतिपिंडांसकट ते रेघेवर अडकतात. प्रकाशाच्या मदतीने विषाणू ओळखायचा हा सगळ्यात स्वस्त प्रकार. त्याच्या महागड्या भाऊबंदांची, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या संवेदकांची, वंशावळ धुंडाळायचा नाद मला फार जुना.

वंशावळीतली बडी नावं जाणकारांना पाठ आहेत. 1902 मध्ये बाल्टिमोरच्या रॉबर्ट वुड यांना रेषाजाळीने पाडलेल्या वर्णपटात न उलगडणारे काळे पट्टे दिसले. 1968 मध्ये ओटो यांनी, आणि स्वतंत्रपणे क्रेचमान व रेदर यांनी, त्या पट्ट्यांमागचा परिणाम धातूच्या पातळ थरावर हवा तेव्हा घडवून दाखवला. 1983 मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंगमध्ये त्याच परिणामाने थरावर प्रतिपिंड चिकटताना मोजले गेले, 1990 मध्ये तेच मोजणारं बियाकोर यंत्र बाजारात आलं. एवढं पुरे.

मी अडकलो तो अलेक्सांद्र रोथेन यांच्यापाशी. हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधले गृहस्थ. रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांच्याबरोबर त्यांनी प्रथिनांच्या पापुद्र्यांवर काम केलं होतं. पाण्यावर तरंगणारे एका रेणूच्या जाडीचे थर पट्टीवर उचलून घ्यायचं तंत्र लँगम्युअर आणि कॅथरिन ब्लॉजेट यांचं. रोथेन त्या थरांवर आधी अँटिजेन (प्रतिपिंड ज्याला चिकटतो तो रेणू) बसवत, मग प्रतिपिंड असलेलं रक्तद्रव सोडत आणि पट्टीवरून परावर्तित झालेला ध्रुवित प्रकाश किती बदलला ते बघत. त्यावरून जाडी कळे. जाडी वाढली म्हणजे प्रतिपिंड बसला. 1945 मध्ये त्यांनी या यंत्राचं वर्णन छापलं, नाव दिलं एलिप्सोमीटर. अणूच्या जाडीहून कमी फरकही त्याला कळे. ना रंग, ना किरणोत्सारी खूण. आजच्या संवेदकांच्या जाहिरातीत जे मिरवलं जातं ते तेव्हाच हाताशी होतं!

मग त्यांनी अँटिजेनवर प्लास्टिकचा अतिपातळ पडदा पसरला. आता स्पर्शच नाही, तेव्हा प्रतिपिंड बसायला नको. जाडी तरीही वाढली. रोथेन यांनी निष्कर्ष काढला की हे रेणू एकमेकांना पडद्याआडूनही ओळखतात, दुरून ओढतात. विकरांबद्दलही त्यांनी तसाच दावा केला. टीकाकारांचं म्हणणं रोखठोक होतं: पडद्याला भोकं आहेत, रेणू त्यातून आत शिरतात. शास्त्रज्ञांनी हेच मानलं. रोथेन यांनी मानलं नाही. 1970 च्या दशकात तर निकेल चढवलेल्या काचपट्ट्यांचा गुण दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतो, असंही ते लिहू लागले.

मला हा माणूस हट्टी वाटतो, लबाड वाटत नाही. जाडी खरोखरच वाढली होती. ती कशाने वाढली, हे त्या यंत्राला विचारण्यात अर्थ नव्हता.

आजच्या संवेदकांनाही ते विचारता येत नाही. सुमारे 50 नॅनोमीटर जाडीच्या सोन्याच्या थरावर योग्य कोनातून प्रकाश टाकला की त्याचा प्रभाव पलीकडे जेमतेम काहीशे नॅनोमीटर पोचतो. करोनाचा कण साधारण 100 नॅनोमीटरचा, म्हणजे नेमका टप्प्यात. पण लाळेतली आणि रक्तातली भलतीसलती प्रथिनंही तिथेच येऊन चिकटतात, आणि प्रकाशाच्या लेखी सगळे सारखेच. म्हणून खरी मेहनत पृष्ठभागावर होते: प्रथिनं चिकटू न देणारे लेप द्यायचे, शेजारी प्रतिपिंडाविना एक कोरा भाग ठेवायचा आणि तिथे आलेला संकेत वजा करायचा. हे कंटाळवाणं काम टाळून, स्वच्छ क्षारद्रावणात विषाणू मोजून ‘काही सेकंदांत निदान’ असा डंका पिटणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे. रोथेन निदान पडदा तरी घालून बघत होते.

तेव्हा अशी बातमी वाचाल त्या वेळी आधी एवढंच शोधा: नमुना रुग्णाच्या घशातला होता की प्रयोगशाळेतल्या बाटलीतला? बातमीत ते लिहिलंच नसेल, तर पान उलटा.